बारा पावलं

"शिवण दिसते," मास्तर म्हणाले. "पाठीवर, मानेपासून कमरेपर्यंत. परग्रहावरून आलेला प्राणी, आणि पाठीला शिवण! तिकडेही शिंपी असतात वाटतं?"

प्लंबर खो खो हसला.

"शिवण दिसत नाही," मशीनमागून ताई म्हणाली. "आतून दुमडून घेतलीय. चष्मा पुसा आणि बघा."

"मत द्यायचं असेल तर पडद्यापाशी या, ताई. बसून बोललं की त्या गप्पा."

हा नियम मास्तरांचाच. दर रविवारी दुपारी ही चार माणसं ताईच्या शिवणकामाच्या खोलीत जमायची. गणित शिकवून निवृत्त झालेले मास्तर, घड्याळवाला, प्लंबर आणि नर्सबाई. भुताखेतांचे नाहीतर यंत्रमानवांचे जुने सिनेमे बघायचे आणि मग तासभर भांडायचं. भांडण पडद्याशेजारी उभं राहून करायचं. तेच मत मोजलं जायचं.

ताईचं मत सहा वर्षांत एकदाही मोजलं गेलं नव्हतं. मंडळी यायच्या आधी ती मशीनवर बसलेली असायची, आणि मंडळी गेल्यावरच मशीनवर झाकण पडायचं. बुजरी आहे, असं सगळे म्हणत. म्हणू देत. चार लोकांसमोर उठायचं ती टाळायची, हे काही खोटं नव्हतं. मशीनपासून पडद्यापर्यंत बारा पावलं होती. तिनं ती केव्हाच मोजून ठेवली होती.

आजचं भांडण मात्र गमतीचं नव्हतं. कपाटात रिळांचे चाळीस डबे मावायचे आणि एकेचाळिसावा आला होता. एक सिनेमा भंगारात जाणार होता. मास्तरांनी बोट ठेवलं ते पाहुण्याच्या सिनेमावर. कृष्णधवल, पस्तीस वर्षांपूर्वीचा, कुठल्याशा गोठलेल्या ग्रहावरून आलेल्या एका पाहुण्याचा. त्याची दुसरी प्रत कोणी पाहिली नव्हती.

"ना धड भूत, ना धड विज्ञान," प्लंबर म्हणाला. "जाऊ दे भंगारात."

"तुला काय कळतंय? तू गळक्या नळालाही घाबरतोस!" घड्याळवाला तावातावानं पडद्यापाशी गेला. "अरे, ती चाल ऐकलीस का? अंधारा बोळ, पाहुणा दिसतही नाही, नुसतं ऐकू येतं. खर्रर... टप. खर्रर... टप. माझ्या अंगावर आजही काटा येतो."

"मी सत्तावीस वर्षं वॉर्डात काढली," नर्सबाई म्हणाल्या. "मला रक्ताचं काही वाटत नाही. पण तो शेवटी दाराशी थांबतो ना, आत घेतील का म्हणून, तेव्हा मला रडू येतं. माझंही मत ठेवायचं म्हणूनच."

"तेच तर खोटं आहे!" मास्तर उसळले. "डावा पाय फरफटवायचा, उजवा खांदा कानाला टेकवायचा. असं कोणी चालतं का? हाडामांसाचं कोणीही असं चालत नाही. कुठल्यातरी पैलवानाला आत कोंबलाय आणि सांगितलंय, जरा विचित्र चाल बाबा. शुद्ध सोंग."

ताईच्या हातातला दोरा तुटला.

"पैलवानाचे खांदे मावले नसते त्यात," ती म्हणाली.

"तुम्हाला काय ठाऊक?"

"मीच शिवलाय तो अंगरखा. एकोणीस वर्षांची होते. आठ दिवस लागले, दोन सुया मोडल्या."

घड्याळवाला गर्रकन मशीनकडे वळला. मग नर्सबाई ओरडल्याच, "अगं बाई! आणि सहा वर्षं गप्प बसलीस? काय बाई आहेस!"

"तरीच!" मास्तर हसले. "आपला तो बाब्या. अहो ताई, अंगरखा झकास आहे, मान्य. शिवणीचे शब्द मी मागे घेतो. पण अंगरख्यासाठी कोणी सिनेमा ठेवत नाही. आतलं सोंग वाईट ते वाईटच. दोन मतं ठेवा म्हणतात, दोन काढा म्हणतात. बरोबरी झाली की जुना जातो. नियम तो नियम." आणि त्यांनी डबा उचलून काखेत मारला.

ताईनं त्या डब्याकडे पाहिलं. खरं तर ते जुनं सगळं कशाला उकरून काढायचं? सुखानं मशीन चालवत होती, एका पायानं का होईना. लोक आपल्याला बुजरी म्हणतात, याहून वाईट नावं तिनं लहानपणी ऐकली होती. डबा गेला तर कोणाला काही कळणार नव्हतं. कधीच.

पण मास्तर म्हणाले होते, हाडामांसाचं कोणीही असं चालत नाही.

"मास्तर, डबा खाली ठेवा."

"अहो, पण—"

"ठेवा म्हणते ना. अजून एक मत यायचंय."

"मग या की पुढे! सहा वर्षं हेच सांगतोय."

ताईनं सुई उशीत खोचली. मांडीवरचं कापड नीट घडी करून बाजूला ठेवलं. नर्सबाई हात द्यायला पुढे झाल्या, तर तिनं मानेनंच नको म्हटलं. मशीनच्या कडेला धरून ती उभी राहिली, श्वास घेतला आणि कड सोडली. मागे प्रोजेक्टरचा दिवा अजून चालूच होता. त्याच्या उजेडात शिरून ती निघाली. सरळ, पडद्याकडे.

खर्रर... टप.

घड्याळवाल्यानं दचकून पडद्याकडे पाहिलं. रीळ तर केव्हाच संपलं होतं. तरी त्या पांढऱ्या पडद्यावर, डावा पाय फरफटत, उजवा खांदा कानाशी नेत, पाहुणा चालत येत होता.