काकूंचं पाणी

गिरगावातल्या चाळीत पुनर्विकासाच्या कागदावर एकट्या कुमुदकाकूंची सही नव्हती. बोरिवलीला राहणाऱ्या सेक्रेटरींनी पंपवाल्या आनंदाला फोनवर सांगितलं, "सही होईपर्यंत त्यांच्या खोलीचं पाणी बंद ठेव." "केलं, साहेब," आनंदा म्हणाला आणि व्हॉल्व्ह उघडाच ठेवला. रोज सकाळी फोन यायचा, रोज तो तसंच सांगायचा, आणि काकूंचं पिंप भरायचं. आज साहेब स्वतः आले. काकूंच्या दोरीवर ओल्या साड्या होत्या. साहेब ओरडले नाहीत. आनंदाच्या शेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्यासमोर कर." एरवी जड जाणारा व्हॉल्व्ह लगेच फिरला. "आणखी घट्ट," साहेब म्हणाले. त्यानं केला. तेवढ्यात वरच्या गॅलरीतून काकूंची हाक आली, "आनंदा, पाणी गेलं रे. बघतोस जरा?" साहेब शेजारीच होते. रोज फोनवर बोलायचा त्याच आवाजात तो म्हणाला, "मागूनच पाणी नाही, काकू."