बिनविस्तवाचा पाक

पिशवी ओट्यावर तशीच पडली होती. खालून फालशाचा जांभळा रस झिरपत शेगडीपर्यंत आला होता. वनमालाने फडक्याने तो पुसला आणि पिशवी उघडून पाहिली. काल संध्याकाळी नव्या रायपूरहून ऑफिसची बस उतरल्यावर तिने वाट वाकडी करून, गोलबाजारात जाऊन फालसा आणला होता. वाटाण्याएवढी ती फळं मे महिन्यात एक रात्रही धड काढत नाहीत. खालची फुटली होती. वरची अजून शाबूत होती, पण संध्याकाळपर्यंत तीही गेली असती.

बाहेरच्या खोलीत तात्यापारा मोहल्ल्यातल्या बायका बसल्या होत्या. वनमालाचे सासरे, बाबाराव, पहाटे गेले. ऊन असं की लोकांनी थांबू दिलं नाही. दुपार व्हायच्या आत त्यांना महादेव घाटावर नेलं. नागपूरहून निघालेली त्यांची मुलगी शर्मिष्ठा दारात उतरली तेव्हा अंगणात झेंडूच्या पाकळ्या तेवढ्या होत्या. तेव्हापासून ती आपल्या वहिनीशी, वनमालाशी, एक शब्द बोलली नव्हती.

वनमाला सकाळपासून रडली नव्हती. बायकांनी ते पाहिलंही होतं. दोन वर्षांपूर्वी बाबारावांचं एक अंग लुळं पडलं, तेव्हापासून दिवसभर ऑफिस आणि रात्रभर त्यांची कूस बदलणं, चादर बदलणं, चमच्याने पाणी पाजणं. रडायलाही अंगात काहीतरी शिल्लक लागतं. तिच्यात ते नव्हतं.

गॅस पेटवायचा नव्हता. समोरच्या भाभी सकाळीच सांगून गेल्या होत्या, "बहू, आज चूल्हा मत जलाना. खाना हमारे यहाँ से आएगा." एरवी तिने पातेल्यात पाक केला असता. आता तिने चांगली फळं निवडली, धुतली, पंच्यावर पसरून कोरडी केली. चिनीमातीची बरणी घेऊन ती खाली फरशीवर बसली. एक थर साखर, एक थर फालसा. पुन्हा साखर.

शर्मिष्ठा पाणी प्यायला आत आली आणि दारातच थबकली.

"हे काय करून राहिली तू?"

"फालसा आहे. साखरेत घालून ठेवते."

"आज?"

"गॅस नाही पेटवला, ताई."

"माझ्या बापाची राख गरम आहे अजून, अन् तुले सरबताची पडली?" शर्मिष्ठाचा आवाज चिरकला. बाहेरच्या बायकांनी माना वळवल्या. "माझ्यासाठी जरा वेळ थांबवलं नाही त्यांना. त्यांना न्यायची घाई अन् हे ठेवायची घाई! फेकून दे ते."

सांगायचं होतं वनमालाला. पण वाक्य जुळवायचं, मग ते तोंडाबाहेर काढायचं, मग त्यावर शर्मिष्ठा काही बोलली तर त्याचं उत्तर द्यायचं. तिने मूठभर साखर घेतली आणि पुढचा थर दिला.

"ऐकू येत नाही का तुले?"

"तिले काहून ओरडून राहिली?"

सासूबाई, गोदूबाई, दारात उभ्या होत्या. सकाळपासून भिंतीला टेकून बसलेल्या. कपाळ पुसलेलं. चौकटीला धरून त्या हळूहळू आत आल्या आणि बरणीजवळ बसल्या.

"काल रात्री दोन दाणे कुस्करून तिनं चमच्यानं दिले त्याईले. आंबट लागले. तोंड वाकडं केलं. मंग हसले." त्यांनी बरणीला हात लावला. "बोलता तं येत नव्हतं धड. पण पिशवीकडे हात केला अन् म्हणे, शर्मी. दोनदा म्हणे. तू येशीन तं तुझ्यासाठी राहू दे, असं."

शर्मिष्ठा वनमालाकडे वळली.

"वहिनी, तू सांगितलं काहून नाही?"

"सांगणारच होते," वनमाला म्हणाली. "निवांत बसल्यावर सांगू म्हटलं. मग राहून गेलं."

शर्मिष्ठा खाली बसली. पंच्यावरचा एक दाणा उचलून तिने तोंडात टाकला आणि कितीतरी वेळ चावला नाही. मग बी थुंकायचं सोडून तोंडावर पदर दाबून ती रडली. बाहेर इतक्या बायकांमध्ये रडली होती तशी नव्हे, आवाज न करता. गोदूबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला नाही. त्या पंच्यावरचा एकेक दाणा बोटाने चाचपून पाहत होत्या, कुठे ओल राहिली का.

"दे इकडे," जरा वेळाने शर्मिष्ठा म्हणाली आणि बरणी तिने आपल्याकडे ओढली.

"साखर हात आखडून टाकू नको," गोदूबाई म्हणाल्या. "विस्तव नाही लागला तं साखर दुप्पट लागते. नाही तं बुरशी येते. अन् रोज हलवावी लागते बरणी."

"हव."

थर चढत गेले. तळाची साखर रस ओढून घेऊन लाल झाली होती, वरची अजून पांढरी होती. शेवटची मूठ शर्मिष्ठाने वरून पसरली, बोटांनी दाबली.

"वहिनी, झाकण कुठं आहे?"

सिलेंडरला पाठ टेकून, जांभळा पडलेला तळहात मांडीवर उताणा टाकून वनमाला झोपली होती. तोंड किंचित उघडं होतं. बाहेर दुर्गहून आणखी कोणी पाहुणे आले असावेत. रडण्याचा आवाज एकदम वाढला, कुणीतरी विचारलं, सून कुठं आहे. शर्मिष्ठा तिला हलवायला पुढे झुकली.

"राहू दे," गोदूबाई म्हणाल्या. "दोन वर्षांची झोप आहे तिची."