शेजारणीला मागणी

"आवाज वाढवा हो सिस्टर," ड्रायव्हर म्हणाला. "रोज आमचं रक्त धुऊन देता, आज थोडं कानावर पण पडू द्या."

सिस्टरनं टीव्हीचा आवाज वाढवला. डायलिसिसच्या खोलीत चार खाटा, चार यंत्रं आणि एकच टीव्ही. विधानसभेत मतदान सुरू होतं. गरिबांच्या सरकारी आरोग्य विम्याची उत्पन्नमर्यादा वाढवायची की नाही, एवढाच ठराव. सकाळपासून नुसती भाषणं झाली होती.

ड्रायव्हरनं एकतीस वर्षं शहरात बस चालवली. आता आठवड्यातून तीनदा, चार-चार तास एका जागी पडून राहायचं. त्याच्या उशाशी स्टुलावर त्याची शेजारीण बसली होती. म्हणजे हॉस्पिटलच्या कागदावर शेजारीण. खरं तर एकोणचाळीस वर्षं त्याच्याशी संसार केलेली बायको.

घोळ असा झाला होता. ड्रायव्हरच्या किडन्या गेल्या. त्याची पेन्शन तुटपुंजी, तिच्यावर विम्याचं कार्ड सहज मिळालं असतं. पण बायको गणवेशांच्या कारखान्यात कापड बेतायची, आणि दोघांचं उत्पन्न एकत्र धरलं की मर्यादेच्या जरासं वर जायचं. नोकरी सोडावी तर खायचं काय? विमा कचेरीतला कारकून भला माणूस. चष्मा पुसत पुसत तो हळूच म्हणाला, "काका, तुम्ही एकटे असता तर कार्ड लगेच झालं असतं." त्याचा अर्थ कळायला दोघांना आठवडा लागला, आणि कागदोपत्री घटस्फोट घ्यायला सहा महिने.

घर तिच्या नावावर झालं. तो समोरच्या गल्लीत, सायकलच्या दुकानावरच्या खोलीत राहायला गेला. विमा कचेरीचे तपासनीस कधीही दार वाजवायचे, एका खोलीत दोन टूथब्रश आहेत का बघायचे. म्हणून ती डबा घेऊन यायची, त्याला दोन गोष्टी सुनवायची आणि दिवेलागणीला परत जायची. गेल्या हिवाळ्यात तो न्हाणीघरात पडला. ती सकाळचा चहा घेऊन येईपर्यंत तीन तास फरशीवर पडून होता. तेव्हापासून तिला धड झोप नव्हती. आज ठराव पास झाला तर दोघं पुन्हा एका छपराखाली. नाही झाला तर तो असाच कधीतरी पुन्हा पडणार, आणि ती पलीकडच्या गल्लीत असणार.

मतं मोजली गेली. अध्यक्ष उगीच पाणी प्यायले. मग त्यांनी सांगितलं, ठराव मंजूर. दोन मतांनी.

शेजारच्या खाटेवरच्या घड्याळवाल्या काकांनी मोकळ्या हातानं मांडीवर थाप मारली. "हात हलवू नका," सिस्टर ओरडली आणि स्वतःच डोळे पुसायला लागली.

"झालं तर मग," ड्रायव्हर म्हणाला. "एक तारखेपासून नवा नियम. एक तारखेला दहा वाजता नोंदणी कचेरी. घड्याळवाले, तुम्ही साक्षीदार. सिस्टर, तुम्ही दुसऱ्या. सामान काय, दोन पिशव्या. संध्याकाळी मी घरी." बसचं वेळापत्रक सांगावं तसं त्यानं सांगून टाकलं.

ती डब्याला झाकण लावत होती. "मी हो म्हटलंय का?"

ड्रायव्हर हसला. मग तिच्याकडे बघून हसायचा थांबला.

"अगं, आता कसली अडचण?"

"अडचण कसलीच नाही. पण मला विचारलंत का? एकोणिसाव्या वर्षी माझ्या वडिलांनी तुमच्या वडिलांना हो म्हटलं. मी आतल्या खोलीत इस्त्री करत होते. घटस्फोटाच्या वेळी तुम्ही कोर्टाच्या जिन्यात म्हणालात, सही कर. मी केली. तुम्ही जगायला हवे होतात, मला दुसरं काही दिसतच नव्हतं. पण तेव्हाही विचारलं नाहीतच."

ती भांडत नव्हती. कापडाचं माप सांगावं इतक्या सरळ बोलली. दोन वर्षं तो आपल्या एकटेपणाची रडगाणी तिलाच ऐकवत होता. रोज दिवेलागणीला ती ज्या रिकाम्या घरात परत जात होती, तिथे तिच्या घशाखाली घास कसा उतरत होता, हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

उठून बसावं म्हटलं तर हातात सुया. सिस्टरनं टीव्ही बंद केला. घड्याळवाल्यांनी सभ्यपणे भिंतीकडे तोंड केलं, कान मात्र इकडेच.

"मला हे जमत नाही गं," तो पुटपुटला.

"जमेल. बस चालवायला शिकलात की."

त्यानं घसा साफ केला. "मी तुला मागणी घालतोय. स्थळ काही फार भारी नाही. किडन्या गेल्यात, अर्धा आठवडा इथंच जातो, वर घोरतो. पण तुझ्याशिवाय मला करमत नाही. माझ्याशी लग्न करशील?"

तिनं वेळ घेतला, खरोखरच घेतला. त्याच्या पायांवरची चादर सारखी केली. साठीची बाई, पण कानापर्यंत लाल झाली होती.

"करीन," ती म्हणाली. "पण या वेळी नांदायला तुम्ही यायचं, माझ्या घरी."