भिंतीलगतची खुर्ची

"सकाळी पोटात दुखतं का, टूवा?" पडद्यावरच्या बाईंनी विचारलं.

टूवा हो म्हणाली.

बाई थांबल्या. वाट पाहिली. मग तोच प्रश्न पुन्हा, आणखी सावकाश. "म्हणजे शाळेत जायच्या वेळी? पोटात?"

टूवा पुन्हा हो म्हणाली.

भिंतीलगतच्या खुर्चीत तिच्या आईने, इल्वाने, ओठ घट्ट मिटले. ही दक्षिणेकडची माणसं. यांना सगळं दोनदा सांगावं लागतं.

उत्तरेतल्या ग्रानत्रेस्क गावच्या आरोग्य केंद्रात मुलांच्या मनाचा डॉक्टर कधीच नव्हता. साधा डॉक्टरही दर पंधरवड्याला नवा यायचा. म्हणून लसी टोचायच्या खोलीत पडदा बसवला होता, आणि मंगळवारी त्यावर देशाच्या दुसऱ्या टोकाहून, माल्मोहून, मानसतज्ज्ञ नर्मिना दिसायची. टूवा नऊ वर्षांची. ऑक्टोबरात तिचे आजोबा, म्हणजे इल्वाचे वडील, गेले. त्यानंतर लवकरच तिने शाळेच्या बसमध्ये चढणं सोडलं. आता मार्च उजाडला होता.

पहिल्या मंगळवारी नर्मिनाने इल्वाला घरचं विचारलं होतं. "घरी सगळं ठीक," इल्वाने सांगितलं होतं. मग नर्मिनाने एकच अट घातली. उत्तरं टूवा देईल, आईने मागे बसायचं, मध्ये बोलायचं नाही. इल्वाला अट पसंत पडली. न बोलणं ग्रानत्रेस्कमध्ये सगळ्यांनाच जमायचं.

"घरी कुणाची काळजी वाटते का?"

टूवा हो म्हणाली. इल्वाला ठाऊकच होतं. आजोबांचा म्हातारा कुत्रा. त्याचे मागचे पाय गेले होते.

"शाळेत कुणी त्रास देतं?"

टूवा गप्प राहिली. हेही खरंच होतं. तिला कुणी त्रास देत नव्हतं.

नर्मिनाने चष्मा काढून बाजूला ठेवला. "इल्वा, आता तुमच्याशी बोलते. तीन मंगळवार झाले. टूवाने माझ्या एकाही प्रश्नाचं उत्तर दिलेलं नाही. पडद्यावर हे जमेलसं दिसत नाही. तिला काही आठवडे उमेओच्या इस्पितळातल्या वॉर्डात ठेवावं लागेल."

उमेओ चार तासांवर होतं. इल्वा ताडकन उठली.

"उत्तर नाही दिलं? अहो बाई, सगळ्या प्रश्नांची दिलीत तिनं! मी इथंच बसलेय की!"

"कधी दिली?"

"आत्ता! पोटात दुखतं का, हो. घरची काळजी, हो. शाळेत त्रास, नाही. तिकडे तुम्हाला कान आहेत की नुसतंच यंत्र?"

"मला एक शब्दही ऐकू आला नाही."

"टूवा, सांग बाईंना. उत्तरं दिलीस की नाही?"

टूवाने लोकरी गळपट्टा नाकापर्यंत ओढून घेतला होता. त्याच्यामागून उत्तर आलं. बशीतली गरम कॉफी फुरकन ओढावी, तसा आत घेतलेला छोटासा श्वास. ग्रानत्रेस्कमध्ये 'हो' असंच म्हणतात. दुकानात म्हणतात, चर्चमध्ये लग्न लागतानाही म्हणतात. 'नाही' असेल तर गप्प राहतात.

"आता काय केलं तिनं? खांदे हलले."

"हो म्हणाली!"

नर्मिनाने कपाळावर हात मारला. "तुमचा उत्तरेचा श्वास! आणि हे यंत्र पंख्याची घरघर, खुर्चीची कुरकुर, श्वास, सगळं गाळून टाकतं. का, तर म्हणे आवाज स्वच्छ यावा." तिने काहीतरी दाबून ती गाळणी बंद केली. "आता तुमच्या खिडकीबाहेर कोण गुरगुरतंय?"

"बर्फ काढायची गाडी," टूवा म्हणाली. मग आईकडे वळली. "तिला ऐकूच येत नव्हतं? मला वाटलं, ती जरा मंद आहे."

"टूवा!"

"बरोबर आहे तिचं," नर्मिना हसली. "टूवा, पुन्हा विचारू?"

श्वास. तो ऐकून नर्मिनाने मान डोलावली.

"घरी कुणाची काळजी वाटते?"

श्वास.

"कुत्र्याची," इल्वा बोलून गेली.

नर्मिनाने हात वर केला. "कुत्र्याची वाटते का, टूवा?"

टूवा गप्प राहिली. इल्वाने मुलीच्या पाठीकडे पाहिलं.

"आईची?"

श्वास.

टूवाने गळपट्टा हनुवटीखाली ओढला.

"एकदा माझी बस चुकली," ती म्हणाली. "परत आले, तर आई आजोबांचा कोट पोटाशी धरून जमिनीवर बसली होती. रडत होती."

"म्हणून तू घरी थांबतेस? आईला एकटं सोडायचं नाही म्हणून?"

श्वास.

"उमेओचं राहू दे," नर्मिना म्हणाली. "टूवा, फार मोठी राखण केलीस तू. आता ते काम मोठ्या माणसांना दे. मला दे. इल्वा, हा प्रश्न तुम्हाला. अजून रडता?"

इल्वाकडे उत्तर तयार होतं, सगळं ठीक. दुकानात, चर्चमध्ये, याच खोलीत तिने ते दिलं होतं. निदान गप्प तरी बसता आलं असतं. या गावात तेवढ्याने 'नाही' झालं असतं. तिने भिंतीलगतची खुर्ची उचलली, टूवाच्या शेजारी आणून ठेवली आणि कॅमेऱ्यासमोर बसली.

मग तिने श्वास आत घेतला. तो माल्मोपर्यंत ऐकू गेला.