अध्यक्षांची फळी

अध्यक्ष जमिनीवर कसा बसणार, या मुद्द्यावर सभा अडली.

रविवार होता. जिनला सुट्टी होती, आणि नंदुरबारच्या त्या जिनमध्ये कापसातली सरकी काढणारे, गाठी बांधणारे चाळीसेक मजूर रेल्वे फाटकाजवळच्या चिंचेखाली जमले होते. बाया एका अंगाला, उन्हात. सावली पुरुषांनाच पुरली नव्हती. धुळ्याहून आलेला कोणी पुढारी गेल्या महिन्यात सांगून गेला होता की सभा रीतसर झाली पाहिजे. अध्यक्ष हवा, चिटणीस हवा, झालेलं सगळं वहीत उतरवलं पाहिजे. त्याचं एवढं बोलणं मात्र सगळ्यांच्या पक्कं लक्षात राहिलं होतं.

सकीना पुढेच बसली होती. तिच्या उजव्या हाताला मनगटापर्यंत चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. आत अंगठा आणि करंगळी तेवढी शिल्लक होती. सहा नंबरच्या रेच्यात, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रात, कापूस घालताना मधली तीन बोटं फिरत्या पट्ट्यानं ओढून नेली, त्याला आज नववा दिवस. पट्ट्यापुढे आडवी फळी ठोकलेली नव्हती म्हणून गेली. ती अजूनही ठोकलेली नव्हती. आणि उद्या सकाळी भोंगा झाला की त्याच रेच्यावर, तिच्या जागी, तिची धाकटी बहीण शकीला उभी राहणार होती. घरात कमावणारं दुसरं कोणी नव्हतं.

सभा भरवली होती ती एवढ्यासाठी. फळी बसेपर्यंत सहा नंबरवर कोणी उभं राहायचं नाही, एवढंच ठरवायचं होतं. पण इतक्या लवकर उरकली तर ती सभा कसली?

"हारुनभाई अध्यक्ष," धनसिंग म्हणाला. तो गाठी बांधणारा, आवाजाचा मोठा. "आनि अध्यक्ष काय आपलासंगे मातीमा बठी?"

हे सगळ्यांना पटलं. चौघं धावले. शेजारच्या सुताराच्या अंगणातून सागाची फळी आली, कुठून तरी घासलेटचे दोन रिकामे डबे आले. फळी डब्यांवर टेकवली, वर कोणी आपलं उपरणं अंथरलं. एक विडी ओढून व्हायच्या आत हारुनभाई, जिनमधल्या यंत्रांना तेल घालणारा, खिळे-पट्टे बघणारा माणूस, सगळ्यांपेक्षा हातभर उंच बसला.

सकीना फळीकडे बघत राहिली. वीतभर रुंद, अडीच हात लांब.

मग चिटणीस. बशीरला लिहिता येत होतं, म्हणून वही त्याच्याकडे गेली. त्यानं पाच फेब्रुवारी एकोणीसशे एकोणचाळीस अशी तारीख घातली आणि खाली दोन रेघा ओढल्या. मग शेठशी बोलायचं कोणी? धनसिंग म्हणे मी, मी कोणाच्या बापाला भीत नाही. बशीर म्हणे मी, शेठ गुजराती आणि मला गुजराती येतं. दोघांची चांगलीच जुंपली. त्यानंतर सभेला पाणी कोणी पाजायचं? त्यावर अजिबात वाद झाला नाही. ते काम बायांकडे गेलं. शकीलानं घागर उचलली आणि सगळ्यांना पाणी दिलं, अध्यक्षांना आधी.

"हारुनभाई, सहा नंबरनं काय ते बोला," सकीना म्हणाली.

"बोलसूत ना, बहीन. पहिले कामं तं वाटू द्या."

चिंचेची सावली फाटकापर्यंत सरकली. सुरतेची गाडी येऊन गेली. तेव्हा कुठे फळीचा विषय निघाला, आणि निघाल्या निघाल्या त्याला फाटे फुटले. फळी शेठनं द्यायची की मुकादमानं? अर्ज करायचा की तोंडी सांगायचं? एकाच रेच्याला मागायची की सगळ्यांना? नऊ दिवसांत एकालाही एक फळी सापडली नव्हती, आणि आता सगळ्यांना फळ्यांतलं सगळं कळत होतं.

शेवटी बशीर उभा राहिला आणि वहीतून वाचू लागला. "फळीच्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी पाच जणांची समिती नेमावी. समितीने पुढील रविवारी आपले म्हणणे सभेपुढे मांडावे." शाळेतली मराठी ती, ऐकणाऱ्यांना फार भारी वाटली. दोघातिघांनी माना डोलावल्या.

"आनि सकाय?" सकीनानं विचारलं. "सकाय मन्ही बहीन तठे उभी ऱ्हाई, तिनं काय?"

"आठ दिन सांभाळीसन काम करी ती," धनसिंग म्हणाला.

"मन्हा बोटं काय झोपेमा गयात?"

धनसिंग विडी शोधू लागला. हारुनभाईनं घसा खाकरला.

"ज्यासले मंजूर शे, त्यासनी हात वर करा."

सावलीतले सगळे हात वर गेले. एकूण एक हाताला पाच पाच बोटं होती.

सकीनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उठली आणि थेट अध्यक्षांपुढे जाऊन उभी राहिली.

"हारुनभाई, उठा."

"कसाले?"

"उठा, सांगस ना!"

तो उठला. हात अजून वरच होता, तो खाली घ्यायचं त्याला सुचलं नाही. सकीनानं उपरणं बाजूला फेकलं आणि डाव्या हातानं फळीचं एक टोक उचललं.

"शकीला, तिकडनं टोक धर."

शकीलानं घागर खाली ठेवली आणि टोक धरलं. एक डबा कलंडला आणि खणखणत फाटकाकडे गेला.

"अय, सुतारनी फळी शे ती!" धनसिंग ओरडला.

"तेले जिनमा ये म्हना," सकीना म्हणाली. मग हारुनकडे वळून, "आनि तुम्ही सकाय भोंगाना पहिले हातोडी लईसन या. खिळा बी."

दोघी बहिणी फळी घेऊन निघाल्या. बाया उठून त्यांना वाट करून देऊ लागल्या. बशीर पेन्सिल हातात धरून कधी वहीकडे, कधी रिकाम्या डब्याकडे बघत होता.

"सकीनाबी," त्यानं मागून हाक मारली, "आते हाई वहीमा काय लिखू?"

ती थांबली नाही.

"लिख, फळी सापडनी."