बेटावरचा विस्तव

साल एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. धाकटीच्या नवऱ्याला माणसांचा उबग आला आणि तो बायकोला घेऊन एका बेटावर राहायला गेला. वीज नको, दुकान नको, कारखान्यातली साधी काडेपेटीसुद्धा नको. जगाचं मिंधं राहायचं नाही, हे त्याचं ब्रीद. काडेपेटी नाही म्हणजे चुलीतला विस्तव रात्रंदिवस जागता ठेवायला हवा. ते काम अर्थातच धाकटीचं. ब्रीद सांगायला तो होताच.

वर्षभराने थोरली बहीण होडी करून तिला न्यायला आली. आईने अंथरूण धरलं होतं आणि धाकटीचा धोशा लावला होता. धुराने लाल झालेले डोळे पुसत धाकटी नवऱ्याकडे बघू लागली.

"ही गेली तर विस्तव कोण राखणार, ताई?" तो बाजेवरून न उठता म्हणाला.

"तुम्ही राखा की, जावईबापू. तुमचं कुठे कुणावाचून अडतं?"

"सकाळी माझं चिंतन असतं."

"आणि दुपारी?"

"दुपारी पडतो जरा."

धाकटीने पाण्याची कळशी उचलली आणि सगळी चुलीत ओतली. "आता करा निवांत चिंतन," म्हणाली आणि होडीत जाऊन बसली.

आईला शेवटचे दोन महिने लेकीच्या हातचं पाणी मिळालं. धाकटी बेटावर परत गेली नाही. शिवणकाम करून मजेत राहिली. तो चौथ्याच दिवशी मिळेल त्या होडीने परतला आणि भावाच्या घरी राहून मरेपर्यंत स्वावलंबनावर व्याख्यानं देत फिरला. आंघोळीचं पाणी वहिनी काढून द्यायची.