सत्ताविसावी फुली

एकतिसावी बाईही पास झाली, तेव्हा मॅडमनी पेन खाली ठेवलं.

दवाखान्याच्या धुलाईघरात सकाळपासून परीक्षा चालली होती. कपड्यांच्या गाठोड्याची नोंद टॅबवर करायची, वॉर्ड निवडायचा, चुकलं तर दुरुस्त करायचं. एवढंच. पण जिला जमणार नाही, तिला पहिल्या तारखेपासून घरी बसावं लागणार होतं.

कुठल्या धंद्यातले कामगार असली कामं किती दिवसांत शिकतील, याचा अंदाज बांधणं हे मॅडमचं काम. वय, शाळा, घरात फोन आहे की नाही, सगळं विचारून त्यांनी आठ ठिकाणांचे तक्ते केले होते. धुलाईघरातल्या बत्तीस जणींपैकी पाच शिकतील, असा त्यांचा अंदाज. उरलेल्या सत्तावीस नावांपुढे फुल्या. तो तक्ता पाहून वरच्यांनी इथे शिकवायला माणूसच नेमला नाही. त्या फुल्या चार महिने मॅडमच्या जिवाला खात होत्या.

आणि आता या बायका धडाधड पास होत होत्या.

"अहो मॅडम, असं काय बघताय? मशीन घरी नेत नाही मी!" इस्त्रीवाली म्हणाली आणि सगळ्या खो-खो हसल्या.

एक गोष्ट मात्र मॅडमना कळेना. टॅब हातात आला की प्रत्येकजणी आधी काळ्या काचेवरून तळहात फिरवी. सुरकुती काढावी तसा.

शेवटी रफू करणाऱ्या मावशी आल्या. सगळ्यांत वयस्क. त्यांनीही तळहात फिरवला. पडदा उजळला तसे त्यांचे डोळे मिटले. बोट भलतीकडेच पडलं. पुन्हा भलतीकडे. तिन्ही संधी संपल्या.

"चला, तुमची एक फुली तरी खरी ठरली," शेजारी बसलेले धुलाईघराचे साहेब हसत म्हणाले.

दुसरं कोणीच हसलं नाही. इस्त्रीवाली पुढे आली. "मॅडम, तिला नापास करायचं, तर आमचंही पास खोडा."

"अगं, गप बस गं," मावशी पुटपुटल्या.

ती ऐकते कसली! तिने कपाटामागून एक घडी ओढली आणि टेबलावर उलगडली. फाटकी चादर. तिच्यावर टॅबचा पडदा शिवलेला, चांगला हातभर मोठा. वॉर्डांच्या जागी कापडाचे तुकडे, दुरुस्तीच्या जागी जाड दोऱ्याची गाठ. तिच्याखाली दुसरी चादर, दुसरा पडदा. अशा चौदा.

टॅब एकच, तोही साहेबांच्या कुलपात. शनिवारी दहा मिनिटं बाहेर यायचा. एकीने बघून यायचं, मावशींना सांगायचं, मावशींनी शिवायचं. मग जेवणाच्या सुट्टीत फरशीवर चादर अंथरून, सुरकुत्या काढून, एकेकीने गिरवायचं. तिच्या हातावर मावशींचा हात. चुकलं की चापट.

मॅडमनी विचारलं, "मग मावशी, तुम्हालाच कसं नाही जमलं?"

"मला त्या काचेत नुसता उजेड दिसतो, बाई. रफूसुद्धा बोटांनीच चालतं माझं. आणि काचेवर बोटांना लागत काहीच नाही."

मॅडमनी चादरीवरून हळूच तळहात फिरवला. मग पिशवीतून त्या आठांपैकी बेकरीचा तक्ता काढला. चाळीस नावं, चाळीस फुल्या. वर शिकवणाऱ्याची जागा रिकामीच होती. तिथे त्यांनी मावशींचं नाव लिहिलं आणि कागद साहेबांच्या सहीसाठी पुढे सरकवला.

"मावशी, बेकरीत शिकवायला याल?"

मावशींनी क्षणभर विचार केला.

"येईन की. पण तिथं चादरी कुठल्या? पिठाची रिकामी पोती तेवढी आधी इकडे धुवायला पाठवा."